हात नसलेली वाक्यं

ईसापूरचं धरण भरत आलं की आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात नदीकाठच्या गावांमधल्या मोबाईलवर एकच मजकूर फिरायला लागतो. धरणाची अमुक वक्रद्वारे अमुक सेंटिमीटरने उघडण्यात आली आहेत, पैनगंगेच्या पात्रात अमुक क्युमेक्स विसर्ग सोडण्यात आला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे असा इशारा देण्यात येत आहे. आकडे बदलतात, मजकूर तोच. पळसपूर-डोल्हारीकडची माणसं पहिली ओळ वाचून उठतात आणि नदीवरच्या पाण्याच्या मोटारी सोडवायला पळतात. पुढचं कोणी वाचत नाही. पाणी चढतं, सोयाबीन दोन-तीन दिवस बुडून राहतं, उतरतं तेव्हा रानात गाळ आणि कुजका वास. मग तलाठी येतात, पंचनामा होतो, आणि मोटार सोडवायला पळालेला माणूस कागदावर 'बाधित शेतकरी' होतो.

धरण कोणी त्याचं रान बुडवायला बांधलेलं नाही. दरवाजे उघडले नाहीत तर धरणालाच धोका, आणि मग खालच्या सगळ्यांना. म्हणजे कोणाच्या मनात वाईट नव्हतं आणि वाईट झालं. अशा नुकसानीला मराठी काय म्हणते, ते सोसणाऱ्याला काय म्हणते, आणि कोणत्या शब्दाला किती पैसे मिळतात, याचा हा आढावा. भाषाशास्त्रज्ञानं घेतलेला नव्हे. ओट्यावर बसून पंचनामे ऐकत वाढलेल्या माणसानं घेतलेला.

घरातल्या मराठीपासून सुरुवात करतो, कारण तिथं हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. पोराच्या हातातला कप खाली पडतो. आजीला त्यावर तीन गोष्टी म्हणता येतात. "पोरानं कप फोडला" म्हटलं की धपाटा ठरलेला. "कप फुटला" म्हटलं की कोणाचंच नाव नाही, विषय संपला. तिसरं म्हणजे "पोराच्या हातून कप फुटला". या तिसऱ्यात पोरगं आहे, त्याचा हात आहे, फुटलेला कप आहे. फक्त इरादा काढून घेतलेला आहे. पोराला मार बसत नाही, पण काचा त्यालाच गोळा कराव्या लागतात. "माझ्या हातून चूक झाली", "त्यांच्याकडून राहून गेलं", "बोलता बोलता तोंडून निघून गेलं" ही सगळी त्याच घराण्यातली वाक्यं. राग वजा करायचा आणि हिशेब ठेवायचा, अशी ही सोय मराठीनं फार हुशारीनं करून ठेवली आहे.

आता तिच्याशेजारी "विसर्ग सोडण्यात आला" ठेवून बघा. सोडणं आहे, सुटलेलं पाणी आहे. सोडणारा कुठं आहे? आजीनं इरादा काढला होता, कचेरीनं हातच काढला. 'करण्यात आले', 'देण्यात आले', 'उघडण्यात आली' हा सरकारी मराठीचा श्वास आहे, आणि चांगल्या कामालाही तो तसाच चालतो, झाडं 'लावण्यात' येतात, सत्कार 'करण्यात' येतो. सत्काराला कर्ता नसला तरी बिघडत नाही, फोटोत तो असतोच. नुकसानीचा फोटो मात्र फक्त सोसणाऱ्याचा निघतो. (विसर्ग हा शब्दही गमतीचा. शाळेत विसर्ग म्हणजे 'दुःख' लिहिताना मध्ये द्यायची दोन टिंबं.)

सोसणाऱ्याला लावायचे शब्द मुख्यतः दोन, ग्रस्त आणि बाधित. ग्रस्त जुना आणि दणकट. मूळ धातूचा अर्थ गिळणं. पंचांगात ग्रहण लागलेलाच चंद्र उगवला तर तो 'ग्रस्तोदित', ग्रहणातच मावळला तर 'ग्रस्तास्त'. म्हणजे ग्रस्त तो, ज्याला काहीतरी गिळत आहे. त्याच धातूपासून ग्रास, आणि ग्रासाचा झाला आपला घास. अतिवृष्टीनंतर प्रत्येक बातमीत 'हातातोंडाशी आलेला घास हिरावला' हे वाक्य असतं, इतकं की वाचणारा आता त्यावरून नजर घसरवतो. पण त्या झिजलेल्या वाक्यात एक विचित्र खरेपणा आहे. घास गेलेला माणूस आणि घास झालेला माणूस एकाच शब्दाची दोन टोकं आहेत.

बाधित त्यामानानं मवाळ. आमच्याकडे बाधणं हा पोटाचा विषय आहे. रात्रीचं दही बाधतं, परक्या गावचं पाणी बाधतं, कोणाला शेंगदाणे बाधतात. त्याहून जोराची ती विषबाधा, आणि अगदीच समजेनासं झालं की भूतबाधा. 'पूरबाधित' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला वाटावं, की याला पूर पचला नाही. २०२० मध्ये 'कोरोनाबाधित' घरोघरी पोचला आणि तेव्हापासून या शब्दाला दवाखान्याचा वास चिकटला. बाधा उतरते, अशी एक आशाही त्यात आहे. गिळलेलं परत येत नाही.

सरकारचा प्रवास ग्रस्तकडून बाधितकडे चालला आहे असं मला वाटतं, आणि तो पुरता झालेला नाही ही त्यातली मौज. महाराष्ट्रात धरणांमुळे उठवलेल्या लोकांसाठी १९७६ मध्ये कायदा झाला तेव्हा त्याच्या नावात माणसं 'विस्थापित' होती, म्हणजे जागेवरून हललेली. पुढं १९८६ आणि १९९९ च्या कायद्यांत ती 'बाधित' झाली. याला कारणही होतं. ज्याचं घर बुडालं तो हलतो, पण ज्याची जमीन कालव्यात गेली किंवा दुसऱ्यांचं गाव वसवायला घेतली गेली तो जागेवरच राहून बुडतो. त्यालाही कायद्यात धरायचं तर विस्थापित शब्द अपुरा पडत होता. पण लोकांनी यातला कोणताच शब्द उचलला नाही. ते स्वतःला धरणग्रस्त म्हणतात, प्रकल्पग्रस्त म्हणतात, आणि कचेरीतून मिळणारा दाखलाही प्रकल्पग्रस्ताचाच. त्या दाखल्याला सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, भूकंपग्रस्ताच्या दाखल्याला दोन टक्के. पूरग्रस्ताला शून्य. दुष्काळग्रस्ताला शून्य. एकाच जिल्ह्यात एकाला धरणानं गिळलं, दुसऱ्याला धरणातून सुटलेल्या पाण्यानं. पहिल्याच्या नातवाला भरतीत पाच टक्क्यांचा रकाना आहे, दुसऱ्याच्या नातवाला नाही. दाखला घरातल्या एकाच्याच नावावर निघतो, त्यामुळे तो कोणाच्या नावावर, यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेली घरं असतात. तेही नुकसानच, आणि कोणत्याही कायद्याच्या मनात नसलेलं.

धरणाच्या भाषेतली आणखी एक जोडी सांगायची राहिली, बुडीतक्षेत्र आणि लाभक्षेत्र. बुडीत हा शब्द मराठी माणसाला बँकेतून माहीत, बुडीत कर्ज म्हणजे जे परत येणार नाही म्हणून वहीतून सोडून द्यायचं ते. गावाला तोच शब्द लावला गेला. मुखेड तालुक्यात लेंडी नदीवर महाराष्ट्र आणि तेलंगणाचा मिळून एक प्रकल्प अनेक दशकं रखडत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि रावणगाव, हसनाळ या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. लष्कर बोलवावं लागलं. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं दावणीलाच गेली. मग प्रश्न आला शब्दाचा. ही माणसं पूरग्रस्त की धरणग्रस्त? पाऊस आभाळातून पडला हे खरं, आणि गाव बुडीतक्षेत्रात असताना पुनर्वसन पुरतं झालेलं नव्हतं हेही खरं. पूरग्रस्त म्हटलं तर आपत्तीचे दर लागतात आणि कारण म्हणून ढगाचं नाव लिहिता येतं. धरणग्रस्त म्हटलं तर कायदा लागतो, आणि इतकी वर्षं काय केलं असं कोणाला तरी विचारावं लागतं. ढगाला काही विचारता येत नाही. मला विचाराल तर 'हातून' हा शब्द ज्या दिवशी लिहायला हवा होता, असा तो दिवस होता.

भूकंपाच्या बाबतीत तरी दोष कोणाचाच नाही, असं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक उशिरा झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सात हजारांहून जास्त माणसं गेली. पण त्यांना जमिनीपेक्षा घरांनी मारलं. जाड दगडी भिंती, चिखलाचा सांधा, वर लाकूड आणि मातीचं जड माळवद. मराठवाड्याच्या उन्हावर पिढ्यान्‌पिढ्या शोधलेला तो उपाय होता. उन्हाळ्यात माळवदाखाली बसलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. आजोबानं सावलीसाठी टाकलेली माती नातवावर आली, याला कोणता शब्द लावणार? 'भूकंपग्रस्त' मध्ये हे बसत नाही, आणि बसू नये हेही बरंच. ज्यांनी ती घरं बांधली त्यांच्यावर बोट ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतरचं मात्र बोलायला हवं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या मापावर वाटली गेली, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका ढिगाऱ्याखाली घेतलं होतं. नव्या गावठाणानं वरची-खालची आळी सरळ रेषेत आखून दिली. रस्ते रुंद, घरं लांब लांब. पूर्वी ओसरीवरून हाक मारली की येणारी शेजारीण आता तीन चौक पलीकडं. हे करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, बांधकाम पक्कं होतं, पैसा जागतिक बँकेचाही होता. या नुकसानीला शब्दच नाही, म्हणून ते कुठं नोंदलंही जात नाही. त्या गावांतली म्हातारी माणसं 'जुनी किल्लारी' म्हणतात तेव्हा त्या 'जुनी' मध्ये ते सगळं असतं.

कोयनेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणाच्या जलाशयामुळे चाळवला गेला असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. जगभर हे उदाहरण देतात. तिथली काही माणसं आधी धरणग्रस्त झाली होती, मग भूकंपग्रस्त. दोन शब्द, दोन दाखले, आणि गिळणारा बहुधा एकच.

पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळ जिल्हा. आमच्या पोरी तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं. २०१७ च्या पावसाळ्यात तिकडून बातम्या यायला लागल्या, की कापसावर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर चक्कर येऊन पडताहेत, डोळ्यांपुढं अंधारी येते, काहींची नजर गेली. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली. वर्तमानपत्रांनी 'फवारणीतून विषबाधा' असं लिहिलं. ते बरोबरच होतं, पण गावात विष हा शब्द कोणीच वापरत नाही. गावात त्याला औषध म्हणतात. "औषध मारायला गेला", "औषधाचा वास लागला", "औषध कोणतं आणलं?" दुकानावर पाटी औषधांची, बाटली मागायची ती औषधाची, आणि एखाद्यानं ती तोंडाला लावली तर त्यालाही "औषध पिला" म्हणतात. पिकाच्या बाजूनं बघितलं तर ते औषध आहेच. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या बाजूनं त्या वस्तूला मराठीत नावच दिलेलं नाही. ज्याला औषध म्हणायचं त्यापासून तोंडाला फडकं बांधून जपायचं, हे डोक्यात कसं उतरावं?

दोष कोणाचा याची चर्चा झाली तेव्हा सुई फिरून सोसणाऱ्यावरच आली, हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, दोन औषधं एकत्र मिसळली, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारलं. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात पुरुषभर उंच कापसात प्लास्टिकचा अंगरखा घालून कोणी सूचनापत्रक लिहिणाऱ्यानं अर्धा तास फवारून दाखवावं. मजुराची चूक त्याच्या नावासकट लिहिली गेली. कंपनीच्या बाबतीत उत्पादन 'वापरण्यात आले' होतं. पुढं २०२० मध्ये यवतमाळच्या पीडितांपैकी काहींनी थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात एका बड्या कंपनीविरुद्ध दावा लावला. हात शोधायला माणसं सातासमुद्रापार गेली.

कायद्याची मराठी या बाबतीत कचेरीच्या मराठीपेक्षा प्रामाणिक आहे, असं माझं मत झालं आहे. ती कर्ता सोडत नाही. पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत 'आरोपीने त्याच्या ताब्यातील वाहन हयगयीने व निष्काळजीपणे चालवून' असं येतं. ऐकायला बोजड, पण माणूस त्यात आहे, त्याचा ताबा आहे, आणि इरादा नव्हता हेही आहे. आजीचं 'हातून' खाकी कपड्यात आलं की त्याचं 'हयगयीने' होतं. हयगयीनं झालेल्या मृत्यूचं दंडसंहितेतलं ३०४-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १०६ झालं आणि शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. हयगय मात्र जिथल्या तिथं राहिली. त्याच्या वर 'सदोष मनुष्यवध'. निर्दोष मनुष्यवध कोणता, असं लहानपणी विचारलं होतं आणि कोणी उत्तर दिलं नव्हतं. कोणाचाच हात दिसला नाही तर 'अकस्मात मृत्यू' ची नोंद, वीज पडली, साप चावला, विहिरीत पाय घसरला.

या तिन्हींच्या मधोमध आमच्याकडचं एक नेहमीचं प्रकरण येतं. पैनगंगा अभयारण्य जवळ. रानडुकरं आणि रोही रात्रीतून हरभरा लोळवतात. कोणी वैतागून कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. डुकरासाठी लावलेल्या तारेला पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला शेजारी चिकटतो. करंट लावणाऱ्याला गावात खुनी कोणी म्हणत नाही, निर्दोषही म्हणत नाही. "त्याच्या हातून माणूस गेला" असंच म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज खाली येतो. कायदा त्याला सदोष मनुष्यवधात धरतो. डुकराला मात्र कोणीच काही धरत नाही, ते वन खात्याचं.

अपघात हा शब्दही मला इथं अडवतो. मराठीत घात म्हणजे दगा, विश्वासघात, घातपात. सगळीकडं इरादा ठासून भरलेला. अपघात म्हणजे इरादा नसलेला घात. आमच्या शेतकऱ्याचा मात्र तिसराच घात आहे. जमिनीत ओल बेताची राहून पेरणीजोगी झाली की "घात आली" म्हणतात, आणि ती चुकली की हंगाम चुकतो. एकाच शब्दात दगाही आणि पेरणीची वेळही. पण शब्दाच्या नादी लागलं की असं होतं, पुढं जाऊ.

बळी हा वर्तमानपत्रांचा लाडका शब्द. 'खड्ड्यानं घेतला दोघांचा बळी', 'विजेचा बळी', 'उष्माघाताचा बळी'. कचेरी हात काढून टाकते, वार्ताहर भलत्यालाच हात बसवतो. बळी द्यायचा तर देव लागतो. इथं देवाच्या जागी खड्डा. ज्यानं रस्ता केला तो ठेकेदार आणि ज्यानं बिल पास केलं तो अभियंता, दोघंही या मथळ्यात भाविकांसारखे बाजूला उभे. आणि शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो ते पाताळात घातलेल्या राजाच्या आठवणीनं. तो बळी वेगळा, पण मथळ्यात दोन्ही बळी इतके शेजारी छापलेले असतात की फरक राहत नाही.

याच्या पुढचा शब्द जड आहे. 'आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंब'. कुटुंबाला कोणी गिळलं? शब्द म्हणतो, आत्महत्येनं. पुराला निदान नदी असते. सरकारनं २००६ पासून अशा कुटुंबाला एक लाखाची मदत ठरवली, ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव म्हणून. त्यासाठी जिल्ह्याची समिती बसते आणि नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा ही कारणं तपासून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. तहसीलच्या भाषेत हे सहज येतं, इतकी पात्र, इतकी अपात्र, इतकी चौकशीवर. जमीन बापाच्या नावावर आणि फास मुलाच्या गळ्यात, असं असलं तरी अडतं. कर्ज बँकेचं नसून हातउसनं असलं तरी अडतं. कापसाचा भाव, बियाण्याचा खर्च, वेळेवर न आलेलं पीककर्ज यांतल्या कोणीही त्या माणसाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. म्हणून समितीच्या कागदावर करणारा एकच उरतो, जो गेला तो. मराठीतलं सगळ्यात क्रूर विशेषण कोणतं असं विचारलं तर मी 'अपात्र' म्हणेन, आणि ते लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनातही वाईट काही नसतं.

पूर्वी निजामाच्या मुलखात असल्यामुळे आमच्या बोलीत दुसरंही एक कपाट आहे. मयत, कसूर, नाहक, हकनाक, मावेजा. यांतला हकनाक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. हक आणि नाहक जोडून झालेला शब्द. म्हणजे हक असो नसो, कोणाचा दोष कोणाचा नाही हे न बघता. "हकनाक मेला बिचारा." ज्याला अमेरिकी फौजांनी 'कोलॅटरल डॅमेज' म्हणायला सुरुवात केली, त्या माणसासाठी आमच्या आजीकडं हा शब्द आधीपासून होता, आणि त्यात तो माणूस होता. कोलॅटरल डॅमेजचं 'आनुषंगिक हानी' असं मराठी होतं ते वर्तमानपत्रात छापतात, कोणी बोलत नाही. आमच्या शेतकऱ्याला कोलॅटरल माहीत आहे ते बँकेतलं तारण म्हणून. कोसोव्होच्या युद्धानंतर जर्मनीत १९९९ चा सर्वांत वाईट शब्द म्हणून याच शब्दाचं जर्मन रूप निवडलं गेलं होतं. तिथं वर्षाचा कुशब्द निवडायची पद्धत आहे. आपल्याकडं ती सुरू झाली तर अर्ज खूप येतील.

पण म्हणीही निष्पाप नसतात. "सुक्याबरोबर ओलंही जळतं" हे आपण सहज म्हणतो. हैदराबाद संस्थानात कासीम रझवीच्या रझाकारांनी जे केलं ते मराठवाडा विसरलेला नाही, विसरूही नये. हा रझवी लातूरचाच वकील. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. त्या लष्करी मोहिमेचं नाव आजही गावागावात 'पोलीस ॲक्शन' च आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे कितीतरी मुसलमान मारले गेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरात २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला आणि सगळ्यांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचं नाव घेतलं. अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही. हा विषय निघाला की कोणीतरी सुक्या-ओल्याची म्हण म्हणतो आणि बोलणं थांबतं. ही म्हण इथं बसत नाही. काडी कोणी लावली हे सांगायचं नसलं की लाकडाच्या ओलेपणावर बोलायचं, एवढंच तिचं काम. हेतू असलेल्या कृत्याला हेतू नसलेल्याचे कपडे घालायलाही हेच शब्द उपयोगी पडतात.

उरले पैशाचे शब्द. मराठवाड्यात भूसंपादनाच्या पैशाला मावेजा म्हणतात. त्याच्या मुळाशी अरबी 'एवज' आहे, म्हणजे मोबदला; त्यातूनच आपला 'ऐवजी' आला. जमिनीऐवजी पैसे, असा सरळ व्यवहार त्यात आहे, आणि म्हणूनच मावेजा वाढवून मागायला माणूस कोर्टात ताठ मानेनं जातो. नुकसानभरपाई म्हटलं तरी भरून देणारा कोणीतरी मानावा लागतो. 'मदत' म्हटलं की देणारा मोठा होतो. 'सानुग्रह' म्हटलं की त्याची कृपाच होते. आणि 'अनुदान' म्हटलं की काय झालं होतं हेच पुसलं जातं, ठिबक सिंचनालाही अनुदान आणि वाहून गेलेल्या रानालाही अनुदान. गावात आता भरपाई शब्द ऐकू येत नाही. "अतिवृष्टीचं अनुदान पडलं का?" असंच विचारतात. शब्द वरून खाली असा झिरपतो.

या पैशाला स्वतःची व्याकरणं आहेत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. पर्जन्यमापक कोरडा राहिला आणि तुमच्या शिवारात ढग फुटला तर तो तुमचा आणि ढगाचा खासगी प्रश्न. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तरच नुकसान. २०२५ मध्ये कोरडवाहू पिकाला आपत्ती निधीचा दर होता हेक्टरी साडेआठ हजार, बैल गेला तर ३२ हजार, दुभती गाय ३७ हजार ५००, माणूस चार लाख. २०२५ च्या पावसाळ्यानंतर सगळा मराठवाडा 'ओला दुष्काळ जाहीर करा' म्हणत होता. असा शब्दच नियमावलीत नाही, पण दुष्काळाच्या सवलती देऊ, असं सरकारकडून सांगण्यात आलं आणि ऑक्टोबरात मोठं पॅकेज जाहीरही झालं. पैसे देऊ पण शब्द देणार नाही, ही भूमिका मला फार अर्थपूर्ण वाटली. पैसे एकदाच द्यायचे असतात. शब्द दिला की तो पुढच्या वर्षीही मागता येतो.

जुन्या पंचनाम्याची सुरुवात मात्र 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' अशी असायची. 'आम्ही' म्हणणारं कोणीतरी त्यात होतं. तळाशी ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे असायचे आणि शेजारी लिहिलेलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. आता पंचनामा मोबाईलवर होतो, यादी तहसीलवर चढते, बाधिताला एक विशिष्ट क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक घेऊन बऱ्याच जणांना सेवा केंद्रात ई-केवायसीला जावं लागतं. हिमायतनगरात बाजाराच्या दिवशी अशा केंद्रापुढं नदीकाठच्या बाया रांगेत उभ्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवायचा. कापूस वेचून आणि हळद काढून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या आहेत त्यांचा ठसा उमटत नाही. केंद्रातलं पोरगं म्हणतं, "मावशी, हात पुसून परत ठेवा." मावशी पदराला अंगठा पुसते आणि परत ठेवते.